स्वादुपिंडाला सूज आली: कोण अत्यवस्थ होणार हे पहिल्या दिवशी सांगता येते का?

ठाण्याच्या वर्तकनगर भागातून एका ताईंचे सविस्तर पत्र आले आहे. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी, रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या ४६ वर्षांच्या यजमानांच्या पोटात वरच्या भागात असह्य दुखू लागले, कळ थेट पाठीत जात होती आणि उलट्या थांबत नव्हत्या. जवळच्या दवाखान्यात आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. चार तासांनी, पहाटे, त्यांना रुग्णालयात दाखल केले, तेव्हा रक्तातले लिपेज (स्वादुपिंडातला एक पाचकरस) २,१०० निघाले आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. स्वादुपिंडाला सूज आहे, काळजीचे कारण नाही, चार दिवसांत घरी जातील, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्याच मध्यरात्रीनंतर त्यांना धाप लागली, सकाळी आयसीयूत हलवावे लागले, आणि १९ दिवसांनी, त्यांतले ६ दिवस व्हेंटिलेटरवर काढून, ते घरी आले. शेजारच्या खाटेवर दारूमुळे हाच आजार झालेला एक तरुण होता, त्याचे लिपेज ५,०००च्या वर होते आणि तो पाचव्या दिवशी चालत घरी गेला. ताई विचारतात की हे आधी ओळखता आले नसते का, डॉक्टरांनी काही लपवले का, पहिल्याच दिवशी सीटी स्कॅन केला असता तर हे टळले असते का, आणि ऐरोलीला राहणाऱ्या त्यांच्या दिरांनाही पित्ताशयात खडे आहेत, त्यांच्याबाबत आता काय करावे. सोबत त्यांनी सर्व रिपोर्ट आणि नर्सच्या नोंदींच्या तक्त्याची छायाचित्रे पाठवली आहेत.

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपले यजमान घरी आले आहेत, हे वाचून फार बरे वाटले. आपण पाठवलेले सगळे कागद मी दोनदा वाचले आहेत. जे सांगणार आहे ते काही ठिकाणी डॉक्टरांच्या बाजूचे वाटेल आणि एका ठिकाणी त्यांच्या विरुद्ध जाईल, पण दोन्ही मी त्या कागदांच्या आधारेच लिहीत आहे.

आधी लिपेजविषयी, कारण आपल्या मनातला सर्वांत मोठा सल तिथेच आहे असे पत्रावरून दिसते. २,१०० वाल्याचा जीव टांगणीला लागतो आणि ५,००० वाला घरी जातो, हे आपल्याला अन्यायासारखे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अमायलेज आणि लिपेज या तपासण्यांचे काम निदानापुरतेच असते. त्यांची पातळी प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक असेल आणि दुखणे त्या प्रकारचे असेल, तर स्वादुपिंडदाह आहे असे आम्ही मानतो. तिथे त्या आकड्याचे काम संपते. स्वादुपिंडाच्या पेशींना इजा झाली आणि त्यांतले पाचकरस रक्तात उतरले, एवढेच तो आकडा सांगतो. त्या इजेला पुढे सगळे शरीर कसे उत्तर देणार आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच हे आकडे रोज तपासण्यातही अर्थ नसतो. आपल्या बिलात लिपेज सहा वेळा लागलेले दिसते, त्यांतले पहिले आवश्यक होते, उरलेल्या पाचांचे पैसे वाया गेले असे माझे स्पष्ट मत आहे. ते पैसे युरिया (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) आणि पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे तो आकडा) दर सहा-आठ तासांनी पाहण्यासाठी खर्च झाले असते, तर अधिक उपयोग झाला असता.

हा आजार गंभीर वळण घेतो तेव्हा आत नेमके काय होते, हे समजले तर पुढचे सगळे समजेल. स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यात पोचल्यावर जागे व्हायचे असतात, ते ग्रंथीतच जागे होतात आणि तिथल्याच पेशी पचवू लागतात. एवढ्यावर थांबले तर बहुतेकांचे चार-पाच दिवसांत भागते, आणि दर दहांपैकी सुमारे आठ जणांचे तसेच होते. उरलेल्यांमध्ये त्या आगीची बातमी रक्तावाटे सर्व शरीरभर जाते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या जणू झिरपू लागतात. रक्तातले पाणी पोटाच्या मागच्या भागात, पोटात, फुप्फुसाच्या आवरणात निघून जाते. रुग्ण खाटेवर पडलेला असतो, अंगावर कुठे जखम नसते, आणि तरीही कित्येक लिटर पाणी त्याच्या रक्ताभिसरणातून वजा झालेले असते. रक्त घट्ट होते, म्हणून पीसीव्ही वाढते. मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळत नाही, म्हणून लघवी कमी होते आणि युरिया वाढतो. हृदय ती तूट भरून काढायला धावते, म्हणून नाडी जलद होते. फुप्फुसे ओली होऊ लागतात, म्हणून श्वासाची गती वाढते. पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या गुणपद्धती याच चार-पाच गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतात.

कोण गंभीर होणार, हे आधी ओळखण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्र पन्नास वर्षांहून अधिक काळ करत आहे. न्यूयॉर्कमधील शल्यविशारद जॉन रॅन्सन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ साली ११ निकष मांडले, त्यांपैकी पाच दाखल होताना पाहायचे आणि सहा ४८ तासांनी. निकष चांगले होते, पण उत्तर मिळेपर्यंत दोन दिवस उलटलेले असत. १९८५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या कोणत्याही रुग्णासाठी तयार झालेली अपाची-२ ही पद्धत या आजारालाही लावली जाऊ लागली. तिच्यात बारा शारीरिक मोजमापे, वय आणि जुने आजार असे सगळे जमवावे लागते, आणि साध्या वॉर्डात ते जमवता जमवता डॉक्टर दमून जातो. त्याच सुमारास सीटी स्कॅनवरील सूज पाहून श्रेणी देण्याची पद्धत आली. २००८ साली अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून बायसॅप नावाची सुटसुटीत पद्धत तयार झाली. पहिल्या २४ तासांत पाचच गोष्टी पाहायच्या. रक्तातला युरिया वाढलेला आहे का, रुग्ण गोंधळलेला किंवा सुस्त आहे का, सर्व शरीराच्या दाहाची लक्षणे आहेत का (ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी या चारांपैकी किमान दोन बिघडलेली), वय ६०च्या वर आहे का, आणि छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या आवरणात पाणी दिसते का. प्रत्येकास एक गुण. शून्य गुण असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळले, आणि पाचही गुण असणाऱ्यांत ते २० टक्क्यांच्या वर गेले.

इथे आपल्याकडच्या रिपोर्टविषयी एक सांगायला हवे, कारण त्यात चुकीला फार जागा आहे. बायसॅपमधील युरियाची मर्यादा २५ आहे, पण ती युरियातल्या नायट्रोजनची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा सरळ ब्लड युरिया छापतात, आणि तो त्या आकड्याच्या २.१४ पट असतो, म्हणजे आपल्या रिपोर्टवर ती मर्यादा सुमारे ५३ इतकी होते. तसेच सीआरपी ही दाह मोजणारी रक्ततपासणी ४८ तासांनी १५०च्या वर गेली तर आम्ही सावध होतो, पण तो आकडा प्रतिलिटर मिलिग्रॅमचा आहे. काही रिपोर्टांवर ती प्रतिडेसिलिटर छापलेली असते आणि तिथे १८ म्हणजे खरे तर १८० असते. नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले रिपोर्ट पाहताना मी आकड्याआधी एकक पाहते.

आता आपल्या यजमानांना ही फूटपट्टी लावून पाहू. दाखल होताना वय ४६, शुद्धीवर, एक्स-रे स्वच्छ, ब्लड युरिया ३८. नाडी १०८ आणि पांढऱ्या पेशी १४,२००, म्हणजे दाहाच्या चार लक्षणांपैकी दोन, म्हणून एक गुण. पाचांपैकी एक. या आकड्यावर कोणत्याही डॉक्टरने पहाटे चार वाजता ‘हे बरे होतील’ असेच म्हटले असते, आणि अशा दहा रुग्णांपैकी बहुतेकांबाबत ते खरेही ठरले असते. त्यामुळे त्यांनी काही लपवले असे मला वाटत नाही. त्या घडीला लपवण्यासारखे त्यांच्या हाती काही नव्हतेच.

मात्र पहिल्या रिपोर्टमध्ये एका आकड्यावर माझी नजर थांबली. पीसीव्ही ४७. प्रयोगशाळेने पुरुषांची सामान्य मर्यादा ४० ते ५० छापलेली असल्यामुळे तो ठळक अक्षरात आला नाही आणि कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. निरोगी माणसात ४७ला काहीच अर्थ नसतो. या आजारात मात्र ४४च्या वरचा आकडा रक्त घट्ट झाल्याची खूण मानतात, आणि सलाइन देऊनही २४ तासांत तो खाली आला नाही, तर स्वादुपिंडाचा काही भाग मृत होण्याची शक्यता वाढते. आपल्या यजमानांचे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचे पीसीव्ही ४९ होते. दिवसभर सलाइन चालू असताना रक्त पातळ होण्याऐवजी अधिक घट्ट झाले होते. युरिया ३८ वरून ७१ वर गेला होता, एक्स-रेत डाव्या बाजूला पाणी दिसत होते. म्हणजे पहिल्या पहाटे एक गुण असलेला माणूस दुसऱ्या सकाळी तीन गुणांवर होता, आणि तीन गुणांपासून धोका ठळकपणे वाढतो. मधल्या २६ तासांत रक्त एकदाही घेतलेले नाही.

आता नर्सच्या नोंदींचा तो तक्ता. सायंकाळी सहा ते मध्यरात्र या वेळात नाडी १०८, ११८, १२६ अशी चढत गेली आहे. दुपारी दोनपासून रात्री बारापर्यंतची लघवी एकूण १८० मिली लिहिली आहे. सत्तर किलो वजनाच्या माणसाला दहा तासांत किमान ३५० मिली तरी व्हायला हवी. आणि श्वासाच्या रकान्यात सहा वाजता २०, आठ वाजता २०, दहा वाजता २०, बारा वाजता २० असे आहे, आणि रात्री दोन वाजता एकदम ३४. ताई, कोणाही माणसाचा श्वास सहा तास अगदी २० राहत नाही, आणि नाडी १२६ वर गेलेल्या, पोटात आग पेटलेल्या माणसाचा तर मुळीच नाही. ते आकडे मोजलेले नसून लिहिलेले आहेत, असे मला वाटते. एका नर्सकडे रात्री तीस-तीस रुग्ण सोपवले जातात, त्यात हे घडते. मी त्या मुलीला दोष देत नाही, पण या नोंदींना नोंदी म्हणता येणार नाही. श्वास मोजायला घड्याळ हातात धरून रुग्णाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहावे लागते. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि या आजारात त्याच्याइतकी मोलाची तपासणी दुसरी क्वचितच असेल.

हे मी ठामपणे लिहिते, त्याला कारण आहे. निवासी डॉक्टर असताना एका मोठ्या रुग्णालयात माझ्याकडे याच आजाराचा एक रिक्षाचालक दाखल होता. संध्याकाळी त्याचे अमायलेज निम्म्यावर आले होते, त्याने चहा मागितला, आणि मी निश्चिंत होऊन दुसऱ्या वॉर्डात गेले. रात्री साडेअकराला वयस्क सिस्टरांनी मला बोलावले. त्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, एक हात रुग्णाच्या पोटावर, दुसऱ्या हातातले घड्याळ दिव्याकडे तिरके धरलेले. ‘मॅडम, बत्तीस आहेत,’ एवढेच त्या म्हणाल्या. ऑक्सिजनची टक्केवारी तेव्हाही ९४ होती, कारण जोरजोरात श्वास घेऊन शरीर ती धरून ठेवत होते. ती टक्केवारी पडेपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता. तो रुग्ण वाचला, आणि तेव्हापासून आजपर्यंत या आजाराच्या प्रत्येक रुग्णाचा श्वास मी स्वतः मोजते.

आपण विचारता, इतक्या पद्धती असताना एखादी तरी खात्रीने का सांगत नाही. इथे एक साधे गणित करून पाहा. समजा स्वादुपिंडदाहाचे १०० रुग्ण दाखल झाले आणि त्यांतले २० गंभीर होणार आहेत. आपल्याकडे एक चांगली पद्धत आहे, जी गंभीर होणाऱ्यांपैकी ८० टक्के ओळखते आणि न होणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर निर्धोक ठरवते. ती २० पैकी १६ जणांना ओळखेल. पण उरलेल्या ८० निर्धोकांपैकीही १६ जणांना ती चुकून गंभीर म्हणेल. म्हणजे तिने धोक्याची घंटा वाजवली ती ३२ जणांसाठी, आणि त्यांतली निम्मी घंटा खोटी. उलट ज्या ६८ जणांना तिने निर्धोक म्हटले, त्यांतले ६४ खरोखर निर्धोक निघाले आणि चार निसटले. अशा सगळ्या पद्धतींचा स्वभाव साधारण असाच आहे. कोण सुखरूप राहील हे त्या बऱ्यापैकी सांगतात, कोण बुडेल हे त्यांना अर्धेमुर्धेच सांगता येते. २०१२ साली यांपैकी अनेक पद्धती एकाच कसोटीवर तपासून पाहिल्या गेल्या, तेव्हाही कोणतीच इतरांहून फार सरस निघाली नाही. आपले यजमान त्या निसटलेल्या चौघांपैकी होते. तसे असणे ही कोणाची चूक नसते. निसटलेल्याला रात्री दहा वाजता पुन्हा पकडण्याची संधी असताना ती घेतली न जाणे, याला मात्र मी उणीव म्हणेन.

शिवाय ‘गंभीर’ या शब्दाची व्याख्याच वेळेवर बेतलेली आहे. अटलांटा शहराच्या नावाने ओळखले जाणारे वर्गीकरण १९९२ मध्ये ठरले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण यांपैकी कशाचेही काम बिघडले आणि ते ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेलेच राहिले, तरच आजाराला तीव्र म्हणायचे. बिघाड त्याआधी सुधारला, किंवा केवळ स्वादुपिंडाभोवती पाणी साठण्यासारखी स्थानिक गुंतागुंत झाली, तर तो मध्यम तीव्र. दोन्ही नसेल तर सौम्य. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापूर्वी ‘सौम्य आहे’ किंवा ‘तीव्र आहे’ असे छातीठोकपणे म्हणणे हे शास्त्राच्या आधीच धावणे आहे. दाखल करताना नातेवाइकांना सांगण्याचे प्रामाणिक वाक्य असे असते की आज प्रकृती स्थिर आहे, पुढचे ४८ ते ७२ तास आम्ही वारंवार मोजत राहू आणि त्यानंतरच नक्की सांगू. ‘चार दिवसांत घरी’ या वाक्यात फसवणूक नव्हती, धीर देण्याची घाई होती. पण त्याच वाक्याने वॉर्डालाही बेसावध केले, असे मला वाटते.

सीटी स्कॅनविषयी आपली समजूत फार लोकांची असते, की मोठे यंत्र लवकर वापरले असते तर लवकर कळले असते. पहिल्या दिवशीचा सीटी या आजारात बऱ्याचदा फसवतो. स्वादुपिंडाचा कोणता भाग मृत झाला आहे, हे तीन-चार दिवसांनंतरच नीट दिसते. पहिल्या पहाटे काढलेला स्कॅन बहुधा फक्त सूज दाखवून सगळ्यांना आणखी निश्चिंत करून गेला असता, आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडत असताना शिरेतून द्यावे लागणारे रंगद्रव्य दिले गेले असते ते वेगळेच. निदानच संशयास्पद असेल तर सुरुवातीला सीटी करावा. एरवी तीन-चार दिवसांत रुग्ण सुधारत नसेल तेव्हा तो करणे योग्य, आणि आपल्याकडे पाचव्या दिवशी तो केला गेला, ते बरोबर होते.

आपल्या सासूबाई आणि नणंदबाई यांनी अधिक सलाइन लावा म्हणून आग्रह धरला होता, असे आपण लिहिता. पूर्वी आम्हीही तसेच करत होतो. २०२२ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह चार देशांतल्या रुग्णालयांत २४९ रुग्णांची विभागणी करून काहींना भरपूर वेगाने आणि काहींना बेताने सलाइन देण्यात आले. वेगाने दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाण्याचा भार झाला, बेताने दिलेल्यांत तो ६.३ टक्के होता, आणि आजार गंभीर होण्याचे प्रमाण काही वेगाने दिल्यामुळे घटले नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणून आता लघवी, नाडी, युरिया, पीसीव्ही पाहत सलाइनचा वेग दर काही तासांनी बदलतात. नाकातून नळी घालून अन्न दिले म्हणून सासूबाई रागावल्या, त्यांनाही सांगा की आतडे उपाशी राहिले तर त्याचे अस्तर दुबळे होते आणि जंतू आत शिरतात, म्हणून आठवडाभर उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. तीच गोष्ट केवळ खबरदारी म्हणून पहिल्या दिवसापासून दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकची. जंतुसंसर्ग झाल्याचा पुरावा किंवा दाट संशय नसेल तर त्याचा फायदा होत नाही.

हा आजार वळण घेऊ नये म्हणून देता येईल असे खात्रीचे औषध आज नाही. मग आधी ओळखून उपयोग काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. उपयोग हा की रुग्ण योग्य जागी असतो. जिथे व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि चोवीस तास रक्ततपासणी नाही, अशा छोट्या रुग्णालयात तो असेल, तर नाडी आणि युरिया चढू लागताच, म्हणजे श्वास बिघडण्याच्या आधी, त्याला हलवायला हवे. घोडबंदर रस्त्यावर सायंकाळी अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळ अडकते, हे ठाणेकरांना मी सांगण्याची गरज नाही. बत्तीसच्या गतीने श्वास घेणारा माणूस त्या कोंडीत सापडू नये, यासाठीच आधीचे सहा तास मोलाचे असतात. १०८ क्रमांकावर फोन करताना रुग्णाला ऑक्सिजन लागतो, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

त्या पहिल्या दवाखान्यातल्या चार तासांविषयी आपण स्वतःला फार बोल लावला आहे, आणि रात्री अकराला मुलीसाठी घरी गेले म्हणूनही. पोटाच्या वरच्या भागातले दुखणे आम्लपित्त समजले जाणे ही रोजची गोष्ट आहे. त्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, हे त्यांनी चांगले केले, कारण हृदयविकाराचा झटकाही असाच दुखतो. कळ पाठीत जाते आहे आणि उलटीनंतरही आराम नाही, हे ऐकून त्यांना रक्त तपासायचे सुचायला हवे होते. परंतु त्या चार तासांनी पुढचा सगळा प्रवास ठरवला, असे आपल्या कागदांवरून मला दिसत नाही. आणि आपण रात्री तिथे असता, तरी तक्त्यावरचे २० पाहून आपल्यालाही बरेच वाटले असते. ते मोजण्याचे काम आपले नव्हते, आणि त्या रात्रीचा दोष आपण आपल्या माथी घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यजमानांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया लगेच न करता पुढे ढकलली, याची आपल्याला भीती वाटते. सौम्य आजारात पित्ताशय त्याच मुक्कामात काढणे उत्तम. नेदरलँड्समधील एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये खड्यांमुळे पुन्हा होणारा त्रास सुमारे १७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तीव्र आजारानंतर मात्र आतली सूज आणि साठलेले पाणी ओसरेपर्यंत, सर्वसाधारणपणे सहा आठवडे, थांबणेच सुरक्षित असते. त्यामुळे आपल्या सर्जननी दिलेली तारीख योग्य आहे. तोपर्यंत थंडी वाजून ताप आला, पोट फुगले, खाल्लेले पोटात ठरेनासे झाले किंवा डोळे पिवळे दिसले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला ताप हा मृत भागात जंतू शिरल्याचा इशारा असू शकतो. उपाशीपोटीची साखरही तपासून घ्या, कारण या आजारानंतर काहींना मधुमेह जडतो.

आता दीर. खडे असूनही कधीच दुखले नसते, तर मी शस्त्रक्रियेची घाई करू नका म्हटले असते, कारण असे असंख्य लोक आयुष्यभर त्रासाविना राहतात. पण त्यांना जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दोन-तीनदा कळ आली आहे, आणि सोनोग्राफीत लहान-लहान अनेक खडे आहेत. लहान खडेच पित्तनलिकेत घसरतात आणि स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकतात, मोठा एकच खडा बहुधा पित्ताशयातच राहतो. त्यांनी या महिन्यातच सर्जनना भेटून शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी. तोवर पोटातली कळ पाठीत गेली आणि अर्ध्या-एक तासात थांबली नाही, तर घरगुती सोडा-ओवा करत बसू नये. लिपेज आणि सोनोग्राफी दोन्ही होतील अशाच ठिकाणी थेट जावे.

आणि दाखल व्हायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना लिपेज किती आहे हे विचारू नका. दाखल होताना पीसीव्ही आणि युरिया किती होते, ते पुन्हा कधी तपासणार आहात, आणि रात्री श्वास व लघवी कोण मोजणार आहे, हे नम्रपणे पण नक्की विचारा. घरातला जो कोणी रात्री थांबेल, त्याने मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावून दर दोन तासांनी छातीचे वर-खाली होणे मोजावे आणि वेळेसह एका कागदावर लिहावे. रुग्ण झोपेत असताना मोजावे, आपण मोजत आहोत हे कळले की माणूस नकळत श्वास बदलतो. आकडा २४च्या पुढे गेला आणि तिथेच राहिला, तर तो कागद हातात घेऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे जावे.

यजमानांच्या सहा आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की तो आणि साखरेचा रिपोर्ट मला पाठवा, मी शस्त्रक्रियेच्या तारखेआधी वाचून कळवते.